जुन्या हायस्कुलांचे वार्षिक अंक जमवणे: एकच शाळा सलग, की एकच वर्ष अनेक शाळांचं?

ओहायोवासी (धागाकर्ता)

प्रश्न आधी, पाल्हाळ नंतर. शाळांचे जुने वार्षिक अंक जमवायचे असतील तर एका शाळेची सलग वर्षं मिळवावीत, की एक वर्ष धरून निरनिराळ्या शाळांचे अंक घ्यावेत? घरातली कपाटं आणि बायकोची सहनशक्ती बघता दोन्ही जमणार नाही.

मी घेतो ते अमेरिकन हायस्कुलांचे, साधारण १९०० ते १९३० मधले. तेव्हा इथेही हायस्कूल पुरं करणं ही सरसकट गोष्ट नव्हती. १९०० च्या सुमारास सतरा वर्षांच्या शंभर मुलांतली सहा-सातच ती पायरी गाठत. १९२० ला सतराएक, आणि १९४० ला निम्मी. त्यामुळे लहान गावातल्या शाळेचा १९०५ चा अंक उघडला तर सगळा वर्ग दोन पानांत मावतो, आणि त्यात मुलींची संख्या बहुधा मुलांपेक्षा जास्त. मुलगे आधीच कामाला लागलेले असायचे.

बऱ्याच शाळांत आधी विद्यार्थ्यांचं मासिक असे. शाळा सुटताना जूनचा अंक जाडजूड काढायचे, तो फुगत फुगत वेगळा वार्षिक अंक झाला. हाफटोन छपाईने (बारीक ठिपक्यांतून फोटो छापण्याच्या पद्धतीने) फोटो स्वस्त झाले आणि मग प्रत्येकाचा चेहरा आला. आत ठरलेला मसाला: वर्गाचा इतिहास, वर्गाची कविता, वर्गाचं मृत्युपत्र (म्हणजे मागच्या बाकाची जागा किंवा उशिरा येण्याचा हक्क धाकट्या वर्गाला लिहून द्यायचा) आणि वर्गाचं भविष्य, कोण पुढे काय होणार याची थट्टा. शहरांतल्या शाळांत जानेवारीत आणि जूनमध्ये असे दोन वर्ग बाहेर पडत, म्हणून काही ठिकाणी एका वर्षाचे दोन-दोन अंक सापडतात. नवशिके इथे हमखास फसतात.

शेवटची पानं मला सगळ्यात आवडतात. विनोद आणि गावातल्या दुकानांच्या जाहिराती. एका शाळेचे अंक ओळीने लावले की घोडागाडी भाड्याने देणारा हळूहळू मोटारी दुरुस्त करायला लागलेला दिसतो. शिक्षक म्हातारे होताना दिसतात. हा सलग घेण्याचा फायदा.

पण १९१९ चे अंक आडवे मांडले की वेगळीच मजा. आदल्या वर्षीपर्यंत असलेलं जर्मन मंडळ अनेक शाळांतून गायब, कारण युद्धात जर्मन शिकवणंच बंद पडलं. १९१८ च्या शरदात इन्फ्लुएंझामुळे बऱ्याच शहरांत शाळा बंद, फुटबॉलचे सामने रद्द. शिकागो आणि न्यूयॉर्कने मात्र शाळा चालू ठेवल्या होत्या. हे सगळं मुलांच्या तोंडून, थट्टेच्या सुरात वाचायला मिळतं.

पोटप्रश्न: मराठी शाळांचे असे अंक कोणी जमवतं का?

टवाळ_कार्टं

आमच्या वर्गाचं मृत्युपत्र सरांनीच केलं होतं, निकालाच्या दिवशी.

बाकी धागा भारी. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निशा_ठाणे

छान विषय. किंमत काय पडते हो? आणि प्रसिद्ध माणसांच्या शाळेचे असतील तर?

ओहायोवासी

निशाताई, गावातल्या अनोळखी शाळेचा अंक रेस्टॉरंटमधल्या एका जेवणाच्या पैशांत येतो. जुन्या घराचं सामान विकायला काढतात तिथे खोकंभर एकदम मिळतं. नाव मोठं झालं की गणित बदलतं. कादंबरीकार हेमिंग्वे शिकागोजवळच्या ओक पार्कच्या हायस्कुलात होता. तिथल्या 'टॅब्युला' या शाळेच्या नियतकालिकात त्याची गोष्ट फेब्रुवारी १९१६ मध्ये आली आणि १९१७ च्या अंकात वर्गाचं भविष्य त्यानेच लिहिलं. काळा कवी लँग्स्टन ह्यूज क्लीव्हलंडच्या सेंट्रल हायस्कूलचा, १९२० चा. तिथल्या वार्षिक अंकाचा तो संपादक होता. असल्या अंकांच्या वाटेला मी जात नाही. ती शिकार वेगळ्या लोकांची.

खिळेजुळारी

मी पुण्यात छापखान्यात उमेदवारी केलेला माणूस, म्हणून एक टाचणी लावतो. शिक्षक म्हातारे होताना दिसतात म्हणालात. आमच्याकडे उलटं. हेडमास्तरांचा हाफटोन ब्लॉक (फोटो छापायचा धातूचा ठसा) एकदा करून घेतला की तो छापखान्यात कागदात गुंडाळून ठेवायचे आणि दरवर्षी तोच लावायचे. ब्लॉक करायला पैसे पडत, शाळेकडे ते नसत. त्यामुळे साहेब बारा-पंधरा वर्षं त्याच पगडीत आणि त्याच मिशीत. बदलतो तो ब्लॉक: कड झिजते, गालावर ओरखडा येतो. दोन अंकांतला आधीचा कुठला ते हेडमास्तरांच्या गालावरून कळतं.

दुसरं. मुखपृष्ठ फाटलेला मराठी अंक हाती आला तर छापखान्याचं नाव शोधा. १८६७ च्या कायद्याने छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण घालणं सक्तीचं होतं. आतल्या पानाच्या तळाशी किंवा मलपृष्ठावर बारीक खिळ्यांत (छपाईच्या अक्षरांत) सापडतं. आर्यभूषण, चित्रशाळा म्हणजे पुणे, निर्णयसागर म्हणजे मुंबई. किंमत आण्यांत असेल तर तेवढ्याने काही ठरत नाही, आणे १९५७ पर्यंत होते. पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाचा वृत्तान्त असेल तर १९३५. दिल्ली दरबार, १९११. इंग्लंडच्या युवराजाची भेट (काँग्रेसने बहिष्कार घातलेली) आणि तिच्याबद्दल संशयास्पद मौन, १९२१-२२!

गोदाकाठ

निवृत्त शिक्षक बोलतोय. खिळेजुळारींना अनुमोदन, आणि एक सावधगिरीची सूचना. जुन्या अंकात 'इयत्ता पाचवीतील विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध' वाचून लोक थक्क होतात, दहा वर्षांचं पोर शेक्सपिअरवर लिहितंय म्हणून. ती इंग्रजी पाचवी असते. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. तेव्हा इंग्रजी पाचवी म्हणजे आजची नववी. पोर चौदा-पंधराचं. तरीही निबंध बरा असायचा, ते सोडा.

मॅट्रिक घ्यायचं मुंबई विद्यापीठ, अख्ख्या इलाख्याची. एसएससी बोर्डाची पहिली परीक्षा १९४९ ची. म्हणून त्याआधीच्या अंकांत निकालाची पानं फार मानाची. त्यातही मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आपल्या शाळेला मिळाली तर ठळक खिळ्यांत! चिंतामणराव देशमुख १९१२ ला एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिकला पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. ज्यांच्या शाळेला ती कधीच मिळाली नाही, त्यांच्या अंकात 'केवळ परीक्षार्थी शिक्षणाचे दुष्परिणाम' असा लेख असतो.

टवाळ_कार्टं

गोदाकाठ सर, शेवटच्या वाक्याला उठून टाळ्या.

वऱ्हाडी_ठेचा

सगळी मॅट्रिक मुंबईचीच असल्यासारखं बोलू नका बॉ. आमचा मध्यप्रांत-वऱ्हाड वेगळा होता. नागपूर विद्यापीठ झालं १९२३ ला, त्याच्या आधी इकडची पोरं अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षांना बसायची. आणि मराठवाड्याचं तर अजूनच निराळं.

पाणचक्की

हो, मराठवाड्याचं मी सांगते. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षण उर्दूतून होतं आणि १९१८ ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूचंच. आमच्या आजोबांचं शाळेचं प्रमाणपत्र उर्दूत आहे आणि घरात ते वाचता येणारं आता कोणी नाही. तिकडच्या शाळांचं काही सापडलं तर 'मराठी नाही' म्हणून बाजूला टाकू नका. नावं देशपांडे, कुलकर्णी आणि लिपी नस्तालीक, असा प्रकार असतो.

अमळनेरी

छापील अंकांवरच गाडी अडलीय, म्हणून हस्तलिखितांकडे वळवतो. साने गुरुजी १९२४ पासून आमच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळायचे. तिथे त्यांनी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं. दैनिक! शाळा सांभाळून रोज हाताने लिहायचं. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढलं आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले.

ओहायोवासी, तुमच्या मृत्युपत्र-भविष्यात पोरंच पोरांसाठी लिहितात. इथे शिक्षक रात्री बसून पोरांसाठी लिहितोय. आपल्याकडच्या शालेय अंकांत मोठ्या माणसाचा हात कायम दिसतो, कधी गुरुजींसारखा आणि बहुतेक वेळा नुसता कान धरणारा.

शंकासूर

अमळनेरींशी अर्धा सहमत. अमेरिकेतही शिक्षकांची नजर असायचीच, विनोद तपासले जायचे. प्रश्न हा की तपासूनही काय सुटलं. त्या काळच्या अमेरिकन अंकांत चेहऱ्याला काळं फासून केलेल्या 'मिन्स्ट्रेल' कार्यक्रमांचे फोटो राजरोस असतात. इटालियन, ज्यू, काळे यांच्यावर विनोद असतात. धागाकर्ते शेवटच्या पानांवरचे विनोद आवडतात म्हणतात, त्यांनी याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

आपणही उड्या मारू नयेत. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी शाळेच्या अंकात विद्यार्थ्यांची आडनावं मोजा. दोन-तीन जातींच्या बाहेरची किती सापडतात ते बघा, आणि मग 'काय ती जुनी शाळा' म्हणा.

ओहायोवासी

शंकासूर, मुद्दा रास्त आहे. ती पानं आहेत आणि मी ती फाडत नाही की लपवत नाही. उलट ह्यूजसारखा मुलगा ज्या शाळेत संपादक होतो त्याच काळात दुसऱ्या शाळेच्या नाटकात काय चाललंय, हे शेजारी ठेवून बघण्यासाठीच मला एका वर्षाचे अनेक अंक घ्यावेसे वाटतात. सलग एका शाळेत हा विरोध दिसत नाही. विकणारे मात्र अशी पानं फोटोत दाखवत नाहीत किंवा फक्त तीच दाखवून भाव चढवतात. दोन्ही प्रकारांची मला किळस येते.

दुर्बीण

मी घराण्यांच्या वंशावळी करते. अमेरिकेत या अंकांना भाव आहे तो बराचसा आमच्यासारख्यांमुळे. लग्नाआधीचं नाव आणि चेहरा एकत्र मिळण्याची ही मोठी जागा. मुलीचं आडनाव पुढे बदललं तरी पहिलं नाव धरून माग काढता येतो.

मराठीत हा मागच तुटतो. पुण्याच्या हुजूरपागेची शाळा १८८४ ची, म्हणजे मुलींची हायस्कूलं होती, त्यांत मुली लिहीत होत्या. पण अंकात 'कु. गोदावरी फडके' आणि सासरी गेल्यावर 'सौ. सुशीलाबाई गोखले'. नाव, आडनाव, बापाचं नाव, तिन्ही बदललेली. घरातल्या कोणी सांगितलं तरच जुळणार. (ही दोन्ही नावं मी नमुन्यादाखल रचलेली आहेत, कोणी आपल्या आजी शोधू नका.) मुलांचं वेगळं दुखणं: 'वि. ग. जोशी, इयत्ता सहावी'. आता धरा कुठला वि. ग. जोशी धरायचा तो.

माझी विनंती: अंकाच्या मार्जिनवर कोणी पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर ते खोडू नका. 'ही आमची वहिनी' एवढे तीन शब्द कधी कधी सगळ्या अंकापेक्षा मोलाचे ठरतात.

निशा_ठाणे

दुर्बीण, अगदी पटलं. माझ्या आजीच्या बाबतीत हेच. शाळेतलं नाव तिने आम्हाला फार उशिरा सांगितलं, तेही विचारल्यावर.

खवट_म्हातारा

मुद्दाम वाकडं बोलतो. हा सगळा श्रीमंतांचा चाळा. शाळा गेल्या शंभर वर्षांच्या, पोरं गेली, आणि तुम्ही त्यांचे विनोद कपाटात लावताय. त्यापेक्षा आजच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेला चार पुस्तकं द्या.

शंकासूर

खवटकाका, पुस्तकं देणाऱ्याने अंक जमवू नयेत असा नियम आहे का? तुमच्याकडे नाण्यांचा संग्रह आहे असं तुम्हीच मागे कुठल्याशा धाग्यावर लिहिलं होतं.

खवट_म्हातारा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

टवाळ_कार्टं

😂😂 नाणी वाजली!

शाईचा_डाग

गंमत बाजूला. आमच्या गावातल्या एका शाळेने (नाव घेत नाही) इमारत पाडताना कपाटभर जुने अंक रद्दीत घातले. पहिल्या वर्षापासूनचे बांधीव खंड होते. मी पोचेपर्यंत टेम्पो गेला होता. रद्दीवाल्याकडे जे उरलं त्यात आर्टपेपरवरच्या फोटोंची पानं आधीच फाडून वेगळी केलेली, कारण गुळगुळीत कागद वजनात घेत नाहीत म्हणे. शिक्षकांना विचारलं तर 'स्कॅन करायचं ठरलं होतं' हे उत्तर. ठरलं होतं!

म्हणून ओहायोवासींना माझं मत: सलग घ्या. कोणीतरी एका जागी एका शाळेची रांग राखली पाहिजे. सुटा अंक म्हणजे नुसती गंमत.

गोदाकाठ

शाईचा डाग, शाळांची बाजूही सांगतो. छप्पर गळतं, शिपाई एक, ग्रंथपालाचं पद रिकामं, आणि तपासणीला येणारा अधिकारी जुन्या अंकांबद्दल कधीच विचारत नाही, जडवस्तू नोंदवहीतल्या खुर्च्या मोजतो. जे नोंदवहीत नाही ते कोणाचंच नसतं. माजी विद्यार्थ्यांनी एक साधी गोष्ट करावी: अंकांची यादी करून ती नोंदवहीत चढवून घ्यावी. मग रद्दीत घालायला सही लागते, आणि सही करायला लोक घाबरतात.

टाकाची_निब

ग्रंथालयात जुने कागद हाताळते, म्हणून थोडं कामाचं.

आर्टपेपर भिजला तर पानं एकमेकांना चिकटतात, कारण वरचा मुलामा विरघळून गोंदासारखा बसतो. वाळल्यावर सोडवायला गेलात तर चेहरे निघून येतात. ओला अंक हाती आला तर ओला असतानाच पानांमध्ये कोरा कागद सरकवत जा. गंजलेल्या तारा नखाने उचकटू नका, आधी मागची टोकं सरळ करा. सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन्हींना हात जोडून नमस्कार. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ नकोत. कसर आणि वाळवी दमट जागेत येतात, तेव्हा भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा, निम्मं काम होतं.

अमेरिकन अंकांत एक जास्तीची अडचण बघितली आहे: मऊ चामड्याची बांधणी. ते चामडं लाल भुकटी होऊन हाताला लागतं. त्यावर तेल चोळायचा मोह होतो, चोळू नका. जाड कागदाचं वेष्टन करून ठेवा. रेशमी दोरी ओवलेली असेल तर ती घट्ट करू नका, भोकं फाटतात.

हस्तलिखितं फोनने टिपताना खिडकीजवळ, तिरप्या उजेडात टिपा. उडालेली शाई आणि निबेचा ओरखडा दोन्ही दिसतात.

वऱ्हाडी_ठेचा

वाचनखूण साठवली. भुकटी झालेल्या चामड्यावर खोबरेल लावणार होतो मी, वाचलो.

नवा_सभासद_७

नमस्कार मंडळी. पहिलाच प्रतिसाद. हे अंक नेटवर टाकले तर कायद्याचा त्रास होतो का?

ओहायोवासी

स्वागत. अमेरिकेत त्या काळी प्रसिद्ध झालेल्या छापील गोष्टीला जास्तीत जास्त ९५ वर्षं संरक्षण, त्यामुळे माझ्या कपाटातले बहुतेक अंक मोकळे झालेत. भारतात लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, निनावी असेल तर प्रसिद्धीपासून ६०. म्हणजे १९२० च्या अंकातला निनावी विनोद मोकळा. पण तेव्हा पंधरा वर्षांच्या असलेल्या आणि नव्वदीपर्यंत जगलेल्या एखाद्याची सही असलेली कविता नाही. संपादक म्हणून छापलेले हेडमास्तर आणि लेखक विद्यार्थी यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो.

शंकासूर

कायदा झाला, शिष्टाचाराचं काय? कोणाच्या पणजोबांना 'वर्गातला सगळ्यात मठ्ठ' असं छापलेलं नेटवर सापडावं का?

दुर्बीण

माझा अनुभव, पणतू खूश होतात. नातवंडं चिडतात. एका पिढीचा फरक पडतो.

टवाळ_कार्टं

माझ्या पणतूंनो, हा धागा वाचत असाल तर मी वर्गात दुसरा होतो. मागून.

पाणचक्की

अवांतर: जुन्या मराठी नियतकालिकांत 'शालापत्रक' दिसतं ते कुठल्या शाळेचं? कोणीतरी मला ते शाळेचा अंक म्हणून विकायला बघत होतं.

खिळेजुळारी

घेऊ नका, निदान त्या नावाखाली नको. ते सरकारी शिक्षणखात्याचं मासिक होतं, एकोणिसाव्या शतकातलं. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर विष्णुशास्त्री त्याचे संपादक. मुलांचा त्यात हात नाही. मोलाचं आहे, पण ते वेगळं गाठोडं. मुलांसाठी मोठ्यांनी काढलेली मासिकंही तशीच वेगळी ठेवा, उदाहरणार्थ वा. गो. आपट्यांचं 'आनंद', १९०६ चं. शाळेचा अंक तोच, ज्याच्या शेवटी खर्चाचा हिशेब आणि वर्गणी न देणाऱ्यांना टोमणा असतो.

अमळनेरी

ही व्याख्या एकदम मान्य!

गोदाकाठ

आता मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर हा धागा पार भरकटायचा. ओहायोवासी, सलग की आडवं हे ठरवायच्या आधी एक काम करा. त्या त्या गावच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास मंडळाला लिहून विचारा की तुमच्याकडे कुठली वर्षं नाहीत. जी नाहीत ती तुम्ही शोधा. जी आहेत ती दुसऱ्यांदा घेऊन करायचंय काय?

आणि मराठीसाठी: दाते, काळे, बर्वे यांनी केलेली १८०० ते १९५० ची मराठी नियतकालिकांची सूची मोठ्या ग्रंथालयांत आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. आधी तिथे जाऊन बसा. तिथल्या कपाटात असलेलं तुम्ही जुन्या बाजारात शोधत फिरताय असं होऊ नये.

शाईचा_डाग

सर, पटतं, पण ग्रंथालयात 'आहे' म्हणजे यादीत आहे. कपाटात आहे की नाही हे कपाट उघडल्यावर कळतं.

टाकाची_निब

दुखरी नस दाबलीत. खरं आहे.

ओहायोवासी

गोदाकाठ सर, हे करून बघतो. त्यात एक पेच मात्र आहे. काही वर्षांचे अंक निघालेलेच नसतात. युद्धकाळात काही शाळांनी अंक काढला नाही किंवा पातळ काढला. मंदीच्या दिवसांत, १९३२-३४ च्या सुमारास, पैशांअभावी कित्येक शाळांनी खंड पाडला. ग्रंथालय 'आमच्याकडे १९३३ नाही' म्हणतं आणि जमवणारे वर्षानुवर्षं नसलेल्या अंकामागे धावतात. यावर उपाय, पुढच्या वर्षीच्या अंकातलं संपादकीय वाचायचं. बहुतेक वेळा तिथे 'गेल्या वर्षी अंक निघू शकला नाही' अशी ओळ असते.

खिळेजुळारी

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातली कागदटंचाई. १९४२ ते ४५ मधले अंक शोधताना हीच ओळ बघा. काहींनी जोडअंक काढून दोन वर्षं एकात कोंबली आहेत. कागद मळकट, खिळे बारीक, चित्रं नाहीत. दिसायला दरिद्री, पण मला तेच आवडतात. जाहिराती कमी झाल्यामुळे मुलांना जागा मिळाली.

ओहायोवासी

खिळेजुळारीकाका, एक सांगा, तुमच्याकडे असे जोडअंक आहेत का?

खिळेजुळारी

आहेत. देणार नाही.

टवाळ_कार्टं

काकांनी मृत्युपत्रात लिहून ठेवावं, धागाकर्त्यांच्या नावे.

खिळेजुळारी

तुझ्या नावे मागच्या बाकाची जागा लिहितो. अंक गोदाकाठ सरांच्या सूचनेप्रमाणे ग्रंथालयाला जातील, तेही आधी यादी होऊन, त्यावर सही घेऊन. तोपर्यंत ज्याला बघायचे असतील त्याने घरी यावं. चहा मिळेल, पण अंकांपासून लांब बसून.

नवा_सभासद_७

काका, मी पुण्यातच आहे. रविवारी आलो तर चालेल का? आणि माझ्याकडे आजोबांच्या शाळेचे दोन अंक आहेत, मुखपृष्ठ नसलेले. विकायचे होते, पण हा धागा वाचून थांबलोय.

खिळेजुळारी

रविवारी दुपारी चारनंतर या. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवतो. दोन्ही अंक आणा, पिशवीत उभे नको, आडवे ठेवून आणा. मलपृष्ठ शिल्लक असेल तर छापखान्याचं नाव आधीच बघून ठेवा.